फाईलवरचे ३०० डीपीआय आणि फोटोतले पिक्सेल

घरी फोटो छापायला बसलेल्या माणसाला ‘फोटो ३०० डीपीआयचाच (डॉट्स पर इंच, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचाच) हवा’ असे कोणीतरी सांगतेच. मग संगणकावर फाईलमधला ७२ चा आकडा खोडून ३०० टाकला की फोटो छपाईयोग्य झाला, असे सर्रास मानले जाते. हा समज मुळातच चुकीचा आहे.

पिक्सेल, म्हणजे ज्यांनी फोटो बनतो ते बारीक रंगीत ठिपके, सर्वांच्या परिचयाचे आहेत. मोबाईलच्या १२ मेगापिक्सेल फोटोत साधारण ४००० × ३००० पिक्सेल असतात आणि फोटोतला सगळा तपशील त्यांतच साठवलेला असतो. फाईलमध्ये नोंदवलेला डीपीआय मात्र तपशील नव्हे, तर हे पिक्सेल कागदावर इंचाला किती या दराने मांडावेत एवढीच ती सूचना असते. ७२ ची नोंद असेल तर हाच फोटो सुमारे ५५ इंच रुंद छापायचा, ३०० असेल तर सुमारे १३ इंच. पिक्सेल दोन्ही वेळा तेवढेच राहतात. मोंढ्यात पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतली ज्वारी वाढत नाही, तसेच हे आहे. शिवाय छापताना ‘कागदाला बसवा’ हा पर्याय निवडला, तर ही नोंद बाजूला पडते आणि ७२ व ३०० या दोन्ही फाईलींच्या प्रती हुबेहूब सारख्या निघतात. शंका असल्यास दोन्ही छापून शेजारी ठेवाव्यात.

म्हणून पाहायचे ते एवढेच, की फोटोची लांब बाजू किती पिक्सेलची आहे आणि कागद किती इंचांचा आहे. लग्नातला एखादा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून १६०० × १२०० पिक्सेलचा होऊन आला आहे, असे धरू. ४ × ६ इंचांच्या कागदावर इंचाला सुमारे २६६ पिक्सेल मिळतात आणि प्रत उत्तम येते. तोच ए-फोर कागदावर पसरला की इंचाला जेमतेम १४० उरतात, आणि पैठणीच्या पदरावरचे मोर मोर न राहता जरीचे पिवळसर डाग होतात. फोटोशॉपमध्ये ‘रीसॅम्पल’ चालू ठेवून आकडा वाढवला, तर पिक्सेल वाढतात खरे, पण ते शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेले असतात, त्यामुळे हरवलेली जरीची नक्षी परत येत नाही. त्यापेक्षा ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. हातात धरून पाहायच्या प्रतीसाठी इंचाला २०० च्या खाली जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. भिंतीवर लावून लांबून पाहायच्या मोठ्या प्रतीला १५० चालतात.

प्रिंटरच्या खोक्यावरचा ५७६० × १४४० हा आकडा शाईच्या थेंबांचा आहे. एका पिक्सेलचा रंग साधायला असे अनेक थेंब लागतात, तेव्हा फोटो निवडताना हा आकडा विचारात घेऊ नये.

स्कॅनरवर मात्र डीपीआय खरोखर पिक्सेल ठरवतो. आजोबांचा वेरूळच्या कैलास लेण्यासमोरचा ४ × ६ इंची जुना फोटो ६०० वर स्कॅन केला, तर २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात आणि ए-फोर प्रत निर्धास्तपणे काढता येते. तोच ३०० वर केला, तर १२०० × १८०० मिळतात. पुढे मोठी प्रत हवी झाल्यास फाईलमधला आकडा बदलून भागत नाही, अल्बममधून फोटो काढून पुन्हा स्कॅन करावा लागतो.