स्टिल्ट मजला आणि ‘अडीचपट’चा नियम

आयएस १८९३ हा इमारतींच्या भूकंपसुरक्षेचा भारतीय कोड (मानक) १९६२ सालचा. १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, १९७० ला सुधारित आवृत्ती आली. किल्लारीचा परिसर १९९३ च्या भूकंपावेळी सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. पण स्टिल्टचा, म्हणजे पार्किंगसाठी भिंतींविना मोकळ्या सोडलेल्या तळमजल्याचा, वाद खऱ्या अर्थाने पेटला तो २००१ नंतर.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांत खाली पार्किंग आणि वर विटांच्या भिंती असलेल्या इमारती ठळक होत्या. भिंतींमुळे वरचे मजले ताठ राहतात आणि सगळा हेलकावा खालच्या कॉलमांवर येतो.

आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीने तोडगा दिला: अशा मजल्याचे कॉलम आणि बीम (आडव्या तुळया), भिंती न धरता काढलेल्या भूकंपबलाच्या अडीचपटीला डिझाइन करा; नाहीतर दोन्ही दिशांना सममित शिअर वॉल (आडवा धक्का पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) घाला, त्या दीडपटीला. कॉलमचं ठीक, पण बीम कशाला? भूकंपात आधी बीमने नमावं, कॉलमने टिकावं, हा लवचिकतेचा, म्हणजे न तुटता वाकण्याचा, मूळ हिशेब. बीमही तेवढाच दणकट केला की तो हिशेब बिघडतो. शिवाय सळई वाढवून ताकद मिळते, ताठपणा फारसा नाही. ताठपणासाठी साइज वाढवावा, तर पार्किंगमध्ये गाडी वळत नाही. सळई दाटली, तर जॉइंटमध्ये काँक्रीट उतरत नाही. शिअर वॉल म्हणून लिफ्टची भिंत एका कोपऱ्यात ठेवली, तर इमारत पिळवटते. त्यात आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडने २००० साली तीव्र हवामानासाठी ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) मागितलं. टिकाऊपणाला ते हवंच, पण कव्हर जेवढं वाढतं, तेवढी त्याच साइजच्या बीमची कामाची खोली घटते.

बिल्डरचा प्रश्न मात्र एकच: चौरस फुटाला किती किलो लोखंड? सॉफ्टवेअरला फक्त हे वजन कमी करायला सांगितलं, तर ते ताकदीच्या अटी काठोकाठ पाळून थांबतं. माझ्या मते अडीचपटीचा दोष हाच होता: ताकद, ताठपणा आणि लवचिकता या तिन्ही गरजा त्याने एकाच आकड्यात कोंबल्या.

आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तो आकडा गेला. तिने उघड्या मजल्यात शिअर वॉल किंवा ब्रेसिंग (तिरके आधार) मागितलं. ताठपणा वरच्या मजल्याच्या ८० टक्क्यांहून आणि ताकद ९० टक्क्यांहून अधिक हवी, असं सांगितलं. त्याच वर्षीच्या आयएस १३९२० या लवचिकतेच्या कोडने जॉइंटपाशी कॉलमची एकूण क्षमता बीमच्या किमान १.४ पट मागितली. त्याआधी उभ्या राहिलेल्या स्टिल्ट इमारतींच्या तपासणीसाठी २०१३ चा आयएस १५९८८ आहे.