जुन्या मार्टिन गिटारींचे मोल कसे ठरत गेले

जुन्या अकूस्टिक गिटारीच्या व्यवहारात जाणकार गिऱ्हाईक आवाजाच्याही आधी निर्मितीचे साल विचारते. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीच्या गिटारींबाबत याचे उत्तर सहज मिळते, कारण १८९८ पासून प्रत्येक वाद्यावर अनुक्रमांक उमटवलेला असतो आणि त्यावरून साल निघते. मात्र १९४३ची आणि १९४६ची गिटार दिसायला जवळजवळ सारखी असूनही त्यांच्या किमतींत मोठे अंतर का पडते, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

कंपनीचे संस्थापक ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म १७९६ मध्ये जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन या वाद्यनिर्मात्यांच्या गावी झाला. मार्टिन यांचे घराणे सुतारकाम करणाऱ्यांच्या संघातले होते आणि गिटारी बनवण्याचा हक्क केवळ आपलाच आहे, असा तेथील व्हायोलिनकारांच्या संघाचा दावा होता. हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर १८३३ मध्ये मार्टिन न्यूयॉर्कला गेले आणि त्या दशकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाले. कंपनी आजही तेथेच आहे. दर्शनी फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, ज्यांना कारागीर ब्रेस म्हणतात, फुलीच्या आकारात बसवण्याची पद्धत त्यांच्या गिटारींत १८४०च्या दशकात आली. ती आतड्याच्या तारांसाठी केलेली होती, तरीही पुढे १९२०च्या दशकात पोलादी तारा रूढ झाल्या तेव्हा त्यांचा वाढलेला ताण याच रचनेने पेलला.

बाजारात सर्वाधिक मागणी असलेला काळ त्यानंतरचा, साधारण १९३० ते १९४४ असा आहे. ब्रिटिश युद्धनौकेवरून ड्रेडनॉट हे नाव मिळालेली मोठ्या अंगाची गिटार मार्टिनने प्रथम १९१६ मध्ये दुसऱ्या एका विक्रेत्यासाठी बनवली आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला काढली. त्या काळात दर्शनी फळी अमेरिकेच्या पूर्व भागातील तांबड्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असे आणि ब्रेस मधोमध कोरून हलके केलेले असत, त्यामुळे फळी मोकळेपणाने कंप पावे. परंतु वादक जाड तारा चढवू लागले तशा फळ्या फुगू लागल्या आणि दुरुस्तीसाठी कारखान्यात परत येणाऱ्या वाद्यांची संख्या वाढली. म्हणून १९४४च्या अखेरीस कंपनीने ब्रेस कोरणे थांबवले. याच सुमारास तांबड्या स्प्रूसची जागा सिट्का स्प्रूसने घेतली. व्यवहारदृष्ट्या हा निर्णय योग्यच होता, असे मला वाटते. पण कारखान्याने दोष म्हणून जे काढून टाकले, नेमके त्याच्यासाठी नंतरची पिढी पैसे मोजू लागली.

ती पिढी म्हणजे १९५० आणि १९६०च्या दशकांतील लोकसंगीताच्या नव्या लाटेतील आणि ब्लूग्रास ही अमेरिकी लोकसंगीताची तंतुवाद्यप्रधान शैली वाजवणारे वादक. त्यांना जुन्या ड्रेडनॉटचा खर्ज आणि जोर हवा होता, आणि तोपर्यंत वापरलेली वाद्ये म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या गिटारी हळूहळू संग्राह्य वस्तू ठरल्या. ब्लूग्रास गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइट यांच्याकडे असलेली १९३५ची डी-२८ (मार्टिनचे एक ड्रेडनॉट मॉडेल) त्याच शैलीतले वादक टोनी राइस यांनी १९७५ मध्ये ५५० डॉलरला घेतली होती, यावरून तेव्हाच्या दरांची कल्पना येते. तिचे ध्वनिछिद्र मोठे केलेले होते. एरवी असा बदल किंमत पाडतो. मूळ वार्निश खरवडून नवे चढवलेल्या गिटारीला तर सुमारे निम्मीच किंमत येते. नेकचा, म्हणजे गिटारीच्या दांडीचा, कोन पुन्हा बसवून घेणे मात्र नेहमीची देखभाल समजली जाते. डी-४५ या दुसऱ्या मॉडेलच्या गिटारी १९४२पर्यंत केवळ ९१ बनल्या आणि त्या आज या बाजाराच्या शिखरावर आहेत.

लाकडाचा इतिहास आपल्याकडे येऊन पोहोचतो. डी-२८ची पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवाच्या असत. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर १९६९च्या अखेरीपासून मार्टिनने भारतीय शिसव वापरायला घेतला, जो आपल्या सह्याद्रीतही वाढतो. आवाजात तो कमी नाही, असे अनेक कारागीर सांगतात; तरीही १९६९ हे साल किमतीच्या दृष्टीने दुसरी सीमारेषा बनले. पुढे १९९२ मध्ये ब्राझीलचा शिसव वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, पहिल्या परिशिष्टात गेला आणि तेव्हापासून अशी गिटार कागदपत्रांशिवाय देशाबाहेर विकता येत नाही. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळावर दुसऱ्या परिशिष्टाचे निर्बंध आले, तेव्हा भारतीय शिसवाच्या साध्या गिटारीलाही परवान्याची गरज पडू लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, परंतु ब्राझीलच्या शिसवाला ती लागू नाही. त्यामुळे परदेशातून जुनी डी-२८ मागवणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी तिचा अनुक्रमांक १९६९च्या अलीकडचा आहे की पलीकडचा, हे पाहून घेणे आवश्यक ठरते.