जुना स्वस्त मदरबोर्ड, नवा प्रोसेसर: बसतो, पण झेपतो का?

२०१७ साली ए३२० चिपसेटचा (बोर्डाचा कारभार सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड घेतलेल्यांपैकी अनेकांना आज त्यावर एएमडी कंपनीचा रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर लावता येतो. एएमडीने एएम४ हे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, इतकी वर्षं टिकवलं ही मोठीच गोष्ट आहे. पण ती सहज घडली नाही. मे २०२० मध्ये कंपनीने ४०० मालिकेच्या चिपसेटनाही झेन ३ (रायझन ५००० मागची रचना) प्रोसेसर चालणार नाहीत असं सांगितलं, लोक भडकल्यावर त्याच महिन्यात माघार घेतली आणि ए३२० ज्यात येतो त्या ३०० मालिकेला तर थेट २०२२ पर्यंत ताटकळत ठेवलं.

अडचण काही अंशी खरी होती. बऱ्याच बोर्डांवर बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) चिप जेमतेम १६ मेगाबाइटची असते. नव्या प्रोसेसरांची माहिती घालायची तर काही वेळा जुन्यांची काढावी लागते. म्हणून जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करावा. प्रोसेसरशिवाय तो चढवण्याची सोय स्वस्त बोर्डांवर बहुधा नसते. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएस हवाच.

माझ्या मते खरी परीक्षा यापुढे सुरू होते. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरच्या गाभ्यांना (कोअरना) मात्र सव्वा व्होल्टच्या आसपास लागतात. हे रूपांतर सॉकेटशेजारचं व्हीआरएम हे सर्किट करतं. व्होल्टेज जितकं उतरतं, तितका प्रवाह वाढतो. ६५ वॉट गटातल्या रायझनसाठी सलग प्रवाहाची मर्यादा ६० अँपिअर आहे, १०५ वॉट गटासाठी ९५. आकडा दीडपटीच्या थोडा वर गेला, पण रोधामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळपास अडीचपट होते. स्वस्त बोर्डावर व्हीआरएममधले मॉस्फेट (हा प्रवाह वाहणारे स्विच) मोजकेच, त्यावर उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंकही बहुधा नसतो.

संगणक तरीही सुरू होतो, गेम उघडतात, सगळं आलबेल वाटतं. तासभराचं व्हिडिओ रेंडरिंग लावा, मग व्हीआरएम तापतं आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. कंपनीच्या यादीत प्रोसेसरचं नाव आहे एवढ्याने हे कळत नाही.

म्हणून अशा बोर्डासाठी १०५ वॉटच्या रायझन ५८००एक्सपेक्षा ५७००एक्स घ्यावा. दोघांत आठच गाभे, पण दुसरा ६५ वॉटचा. सहा गाभ्यांत भागत असेल तर ५६०० उत्तम. एएमडीच्या डब्यातला साधा कूलर हवा खाली बोर्डावर फेकतो आणि व्हीआरएमलाही थोडा गारवा देतो. उंच टॉवर कूलरकडून ते होत नाही.

एक मर्यादा मात्र कशानेच हटत नाही. ग्राफिक्स कार्ड जोडणारी पीसीआय एक्सप्रेस ही जोडणी प्रोसेसरला ४.० पिढीची येत असली तरी ए३२० वर ती निम्म्या वेगाच्या ३.० वरच चालते. सोळा लेनच्या (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांच्या) ग्राफिक्स कार्डाला फारसा फरक पडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या चारच लेनच्या कार्डाला तो चांगलाच जाणवतो, आणि नेमकी अशी स्वस्त कार्डंच जुन्या बोर्डांवर जास्त लागतात.