बांबूउडीतील धाव आणि पोलचा भार

बांबूउडी पाहताना सर्वांचे डोळे आडव्या दांडीकडे लागलेले असतात. पण त्या उंचीचा मोठा भाग खेळाडूने धावपट्टीवरच कमावलेला असतो. धावेतील गतिज ऊर्जेने पोल वाकतो आणि सरळ होताना तीच ऊर्जा खेळाडूला वर नेते. ऊर्जेचा अजिबात अपव्यय होत नाही असे धरले, तर सेकंदाला ९ मीटर वेगामुळे शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ४.१ मीटर वर जाईल आणि ९.५ मीटर वेगामुळे ४.६ मीटर. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटरचा विश्वविक्रम करणाऱ्या स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने आदल्या वर्षी झुरिकला १०० मीटर अंतर १०.३७ सेकंदांत पार केले होते, ते उगाच नव्हे.

मात्र नुसता वेग पुरत नाही, कारण हातात पोल असतो. समजा, तो ५ मीटर लांब आणि अडीच किलो वजनाचा आहे, एक हात टोकाजवळ आणि दुसरा त्याच्यापुढे ६० सेंटिमीटरवर आहे. असा पोल आडवा धरला, की पुढच्या हातावर सुमारे १० किलोंचा भार येतो! तो तोलण्यासाठी खेळाडू नकळत मागे रेलतो, कंबर खाली बसते, पाऊल शरीराच्या बरेच पुढे पडते आणि प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो. धाव बिघडण्याचे मूळ बहुधा पायांत नसून येथे असते, असे मला वाटते. हाच पोल जमिनीशी ७० अंशांचा कोन करून उभा धरला, तर शरीराला पुढे ओढणारा पीळ, म्हणजे वळवणारा जोर, जेमतेम एक तृतीयांश उरतो.

म्हणून धावेची सुरुवात पोल उंच ठेवून, धड ताठ आणि गुडघे वर उचलून करावी, आणि वेग वाढेल तसतसे पोलचे टोक हळूहळू खाली येऊ द्यावे. शेवटच्या सहा पावलांत तर पोल हातांनी उतरवायचा नसतो. तो स्वतःच्या वजनाने पडत असतो आणि त्याच्याबरोबर राहण्यासाठी पावलांची लय जलद करायची असते. ही सांगड आधी चालत, मग सहा पावलांच्या छोट्या धावेत पक्की करावी आणि त्यानंतरच पूर्ण धाव घ्यावी. उडीच्या जागेआधी सहा पावलांवर खूण करून ठेवली, तर पावले लांबली की आखडली हे प्रशिक्षकाला तेथेच कळते. लांबलेली पावले अखेरीस खेळाडूला खोक्याच्या, म्हणजे पोलचे टोक जेथे रोवतात त्या खाचेच्या, फार जवळ आणतात. उडीचे पाऊल वरच्या हाताच्या बरोबर खाली न पडता पुढे पडते आणि पोल त्याला उचलण्याआधी मागे खेचतो.