लाईव्ह लोकेशन म्हणजे मॅप नव्हे, सायकलवाल्यांनो

सायकलच्या कुठल्याही ग्रुपात नवा माणूस आला की पहिलं विचारतो, 'आमच्या भागात कोणी चालवतं का?' आणि लगेच कोणीतरी शहाणा म्हणतो, सगळ्यांनी आपापलं लाईव्ह लोकेशन टाका की, कळून जाईल. नाही कळत राव! लाईव्ह लोकेशन वेगळं अन् सगळ्यांनी मिळून पिना, म्हणजे नकाशावर आपली खूण अन् माहिती, टाकलेला मॅप वेगळा, हे सांगून सांगून तोंड दुखलं.

लाईव्ह लोकेशन सगळ्यांना माहितीये. व्हॉट्सॲपवर २०१७ पासून आहे, १५ मिनिटं, १ तास नाहीतर ८ तास, वेळ संपली की आपोआप बंद. राइड चालू असताना याच्यासारखं दुसरं काही नाही, दौलताबादच्या घाटात कोणी मागं राहिलं, कोणाची ट्यूब गेली, तर हेच कामाचं. बॅटरी जास्त खातं वगैरे सोडा, तो मुद्दाच नाही.

मुद्दा हा आहे की लाईव्ह लोकेशन सांगतं माणूस आत्ता कुठंय, आणि सोबती शोधणाऱ्याला पाहिजे असतं की हा माणूस एरवी कुठून निघतो, किती वाजता निघतो, किती पळवतो. दुपारी ३ ला तुम्ही ऑफिसात बसलेले, तुमचा ठिपका ऑफिसावर, त्यावरून तुमच्याच कॉलनीतल्या सायकलवाल्याला काय डोंबल कळणार? पिन मात्र हलत नाही, संपत नाही, तुम्ही झोपेत असताना पण ती तुमची माहिती सांगत बसते. लातूरहून नांदेडला बदली झालेला एखादा रात्री मॅप उघडतो, विष्णुपुरी धरणाकडं सकाळी जाणारी दोन माणसं त्याला दिसतात, झालं काम. ते दोघं त्या वेळी ऑनलाईन असायची पण गरज नाही.

म्हणून पिनेत काय लिहिता ते महत्त्वाचं. नुसतं 'सायकल लव्हर' अन् खाली लाल बदाम, असल्या पिना बघितल्या की माझं डोकंच फिरतं. असं लिहा: बुधवार आणि रविवार, पहाटे ५, क्रांती चौक, वेरूळपर्यंत जाऊन परत, साधारण ६० किमी, गिअरची सायकल, आरामात. उन्हाळ्याची वेळ वेगळी लिहा, आपल्याकडं मे महिन्यात ९ वाजता काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आणि पिन घरावर टाकू नका हो! लाईव्ह लोकेशन चुकून टाकलं तरी ८ तासात मिटतं, पिन तशीच राहते, अन् जिन्याखाली महागडी सायकल असलेलं घर कोणतं हे गावभर कशाला सांगायचं. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावणं-सायकलिंग नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपवरून (लोक कुठं जास्त फिरतात ते दाखवणारा नकाशा) लोकांनी परदेशातले लष्करी तळ ओळखले होते, सैनिक रोज तिथंच धावायचे म्हणून. चौकात टाका, चहाच्या टपरीवर टाका, भेटायचं तिथंच आहे ना.

मॅप कशावर करायचा, तर गूगलचं माय मॅप्स पुरेसं आहे. फक्त पिन टाकायला ब्राउजरमधून जावं लागतं, त्याचं वेगळं अँड्रॉइड ॲप होतं ते २०२१ लाच बंद झालं. गूगल नको असेल त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा) चालणारं यूमॅप बघावं. नुसती बघायची लिंक असेल तर पिन टाकता येत नाही, आणि सगळ्यांनाच एडिटचा हक्क दिला तर कोणाचा तरी अंगठा लागून पैठणचा माणूस जायकवाडीच्या पाण्यात जाऊन बसतो. दोघा-तिघांकडंच एडिट ठेवा, बाकीच्यांनी त्यांना माहिती पाठवावी, हे माझं ठाम मत.

आता राहिलं साफसफाईचं. लाईव्ह लोकेशन आपोआप मरतं, पिन कोणीतरी हातानं काढावी लागते. बदली झाली, गुडघा गेला, सायकल विकली, तरी पिन तिथंच, अन् नवा माणूस मेसेज करून करून कंटाळतो. दिवाळीनंतर थंडी पडली की नव्या लोकांना हुरूप येतो, त्याच्या आधी प्रत्येकाला एकदा विचारायचं, उत्तर नाही आलं तर पिन काढून टाकायची, मग तो ग्रुपचा कितीही जुना मेंबर असो.