भरतीतला पहिला नंबर आणि मैदानातला पहिला नंबर

२०२२ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी शाळकरी मुलांची जी भरती केली, ती भरतीच्या क्रमवारीत देशात पहिली आली. नुसती पहिली नाही, तर तोवरच्या सगळ्या वर्षांमध्ये सर्वाधिक गुणांची. त्याच वर्षी १० सप्टेंबरला हा संघ घरच्या मैदानावर, भरगच्च स्टेडियममध्ये, ॲपलॅचियन स्टेट या तुलनेने लहान विद्यापीठाच्या संघाकडून १४-१७ असा हरला. साठ मिनिटांच्या सामन्यात चेंडू ४१ मिनिटं पाहुण्यांच्या ताब्यात होता. हंगाम संपला तेव्हा पाच विजय आणि सात पराभव हाती होते.

एवढ्यावरून ‘या क्रमवारीत काही दम नाही’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, कारण पुढे काय झालं तेही बघायला हवं. त्या भरतीतले वॉल्टर नोलेन आणि शेमार स्टुअर्ट २०२५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे, पहिल्याच फेरीत, पाठोपाठ, सोळावे आणि सतरावे निवडले गेले. म्हणजे पारखणाऱ्यांनी मुलं बरोबर ओळखली होती. चूक झाली ती मुलांच्या यादीला संघाची ताकद समजणाऱ्यांची.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. रिक्रूटिंगवाल्यांचा सगळा धंदा त्यावरच चालतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची उंची, हाताची लांबी, धावण्याचा वेग मोजायचा, शुक्रवारी रात्रीच्या शालेय सामन्यांची चित्रफीत बघायची आणि दोनपासून पाचपर्यंत स्टार द्यायचे. मग एका विद्यापीठाने त्या वर्षी घेतलेल्या मुलांचे गुण एकत्र करून विद्यापीठांचा क्रम लावायचा. यात मोजली जाते ती एका वर्षी दाखल झालेल्या मुलांची क्षमता. संघात आधीपासून कोण आहे, कोच कसा आहे, चेंडू फेकून चढाई चालवणारा क्वार्टरबॅक कोण, यातलं काहीही त्यात नसतं.

शनिवारी, म्हणजे कॉलेजच्या सामन्याच्या दिवशी, मैदानात उतरतो तो संघ मात्र चार-पाच वर्षांच्या भरतीतून उरलेला असतो. ‘उरलेला’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कुणी जखमी होतं, कुणी सोडून जातं, कुणी बाकावरच राहतं. दोन्ही बाजूंच्या लाइनमध्ये, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या रांगेत, तर वयाला फार किंमत आहे. अठरा वर्षांचा पाच स्टारवाला पोरगा समोरच्या बावीस वर्षांच्या, चार वर्षं व्यायामशाळेत घाम गाळलेल्या तीन स्टारवाल्याला हलवू शकत नाही. नोलेन आणि स्टुअर्ट यांचं २०२२ हे पहिलंच वर्ष होतं. त्या हंगामाकडून भरतीचं फळ मागणं म्हणजे पेरणीच्या आठवड्यात कापणीला निघणं. आणि पीक तयार होईपर्यंत नोलेन मिसिसिपी विद्यापीठाच्या संघातून खेळत होता.

‘एनएफएल गाजवणारा जे. जे. वॉट शाळेत दोनच स्टारचा होता, मग स्टार कशाला बघायचे?’ हा प्रश्नही हमखास येतो. पाच स्टारची मुलं देशभरात वर्षाला तीसेक. तीन किंवा त्याहून कमी स्टारवाली हजारो. त्यामुळे एनएफएलमध्ये कमी स्टारवाले पुष्कळ दिसणारच. पण शंभरातले किती तिथवर पोचले असं विचारलं, तर पाच स्टारवाले खूपच पुढे आहेत.

एका वर्षाऐवजी चार वर्षांच्या भरत्या एकत्र बघितल्या, तर हेच आकडे बरंच बोलतात. बड एलियट यांनी मांडलेलं ‘ब्लू-चिप’ प्रमाण तेच करतं: चार वर्षांत घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त चार-पाच स्टारची आहेत का? अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट या निम्म्याच्या रेषेच्या कितीतरी वर असतात. कितीतरी वर्षं राष्ट्रीय विजेता या रेषेच्या वरच्या संघांतूनच निघत आला. २०२२ च्या हंगामात टीसीयूने (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने) रेषेखालून थेट अंतिम सामना गाठला, तेव्हा माझाही जीव त्यांच्यातच अडकला होता. तिथे जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं धुतलं. एखाद्या शनिवारी ही दरी भरून काढता येते. लागोपाठ मोठे सामने आले की राखीव खेळाडूंचं बळ कमी पडतं.

हे गणित बदललं ट्रान्सफर पोर्टलने, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदवहीने. २०२१ पासून खेळाडूला वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागलं आणि त्याच वर्षी नाव-प्रतिमेवर पैसे कमावण्याचीही मुभा मिळाली. आता कोच सतरा वर्षांच्या मुलावर डाव लावण्याऐवजी कॉलेजमध्ये तीन हंगाम खेळलेला गडी आणू शकतो. त्याचे शाळेतले स्टार तेव्हा जुनी गोष्ट झालेली असते.

इंडियाना विद्यापीठाने हेच केलं. २०२३ मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव असा हा संघ. नवे कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना आपले तिथले बरेच खेळाडू घेऊन आले आणि २०२४ मध्ये हिशेब ११-२ झाला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठातून क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आला. शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं. त्याने कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक जिंकला, आणि जानेवारी २०२६ मध्ये इंडियानाने मायामीला २७-२१ असं हरवून सोळापैकी सोळा सामने जिंकत राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. चार-पाच स्टारवाल्यांचं त्यांचं प्रमाण त्या रेषेच्या कितीतरी खाली होतं.