जळका कागद (कलामाध्यम)

कागद ठरवून जाळायचा आणि जे उरेल त्यातून चित्र उभे करायचे, अशी ही पद्धत. जुनी पत्रे, वह्या, हिशेबाची पाने यांवर ती खरी खुलते. काय गेले आणि काय राहिले हे पानच दाखवते. इटलीच्या आल्बेर्तो बुर्री यांनी १९५०च्या दशकात लाकूड, प्लॅस्टिक आणि कागद जाळून चित्रे केली. फ्रान्सच्या इव्ह क्लाइन यांनी १९६१मध्ये गॅसच्या झोताने. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू-कागदाच्या मारबती, म्हणजे मोठे पुतळे, मिरवून जाळतात. काळी मारबत १८८१पासूनची, पिवळी १८८५पासूनची. तिथे इडापीडा पुरती घालवायची असते. या कलेत आग अर्ध्यावर अडवायची असते, आणि सारे कसब अडवण्यातच आहे.

नव्या कामासाठी सुती लगद्याचा, २०० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) हातकागद घ्यावा. वर्तमानपत्राचा कागद भुर्रकन पेटतो, हाती काही लागत नाही. जो भाग राखायचा त्याची कड ओल्या ब्रशने भिजवून घ्यावी. काडीपेटीची ज्योत नको. उदबत्तीचा निखारा टेकवला की कड हळूहळू सरकते आणि हवी तिथे ओल्या कापसाने विझवता येते. विझल्यासारखी दिसणारी कड आतून धुमसत राहते, म्हणून काम अर्धा तास तरी लोखंडी ट्रेमध्ये नजरेसमोर ठेवावे.

अक्षरांचे वागणे आधी ओळखावे. बॉलपेनची शाई कागद काळा पडला की बहुधा दिसेनाशी होते. पेन्सिलीचे ग्रॅफाइट मात्र काळ्या पडलेल्या कागदावरही टिकते आणि तिरप्या उजेडात चकाकते. आजोबांनी पेन्सिलीने मांडलेला हिशेब जळाल्यावरही वाचता येतो तो यामुळेच. एटीएमची पावती पेटण्याआधीच पूर्ण काळी होते. मूळ पत्राला हात लावण्यापूर्वी तितक्याच जुन्या कोऱ्या पानावर चाचणी घ्यावी, कारण जुना कागद ठिसूळ असतो आणि अंदाज चुकवतो.

नागपूरच्या मे महिन्यात कागद इतका कोरडा पडतो की कड आवरत नाही, त्यात कूलरचा झोत ठिणग्या उडवतो. पहाटे, कूलर बंद करून काम करावे. पावसाळ्यात उलट होते: निखारा मध्येच विझतो, धूर वाढतो, पिवळट-तपकिरी डाग पडतात.

जळलेली कड ब्रश लागताच तुटते. मेथिल सेल्युलोजचे (पाण्यात विरघळणारा सौम्य डिंक) १ ते २ टक्के द्रावण दुरून, धुक्यासारखे फवारावे. वाळल्यावर मागून गव्हाच्या खळीने पातळ टिश्यू चिकटवावा. स्पिरिटवाला फिक्सेटिव्ह (चित्र पक्के करणारा फवारा) काम पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडूसुद्धा नये. फ्रेममध्ये काच कागदाला टेकू देऊ नये, आणि काचेऐवजी अॅक्रिलिकचा पारदर्शक प्लॅस्टिक पत्रा तर मुळीच लावू नये: त्यावरची स्थिर वीज राखेचे कण ओढून घेते.